उसण आणि तिच्यावरची गोळी



ह्या व्याख्यानमालेत कालपर्यंत विद्वान माणसे बोलून गेली. आज औषधावर बोलण्यासाठी चिटणिसांनी हमालांच्या संघटनेतला माणूस आणून उभा केला, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. मी नववीत शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो ते मार्केट यार्डात पोती वाहताना आणि नंतर ह्याच गावच्या वाचनालयात. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. तेव्हा कोणाला औषध सांगण्याचा माझा मुळीच विचार नाही. एक औषध शरीरात जाऊन नेमके कोठे काम करते, एवढेच मी सांगणार आहे. आणि ते मला का शिकावे लागले, तेही सांगणार आहे, कारण तो भाग झाकून ठेवून बोलणे मला प्रशस्त वाटत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या टोळीतला एक गडी, वय चाळिशीच्या आसपास. ट्रकमधून साखरेचे पोते पाठीवर घेताना त्याच्या कंबरेत उसण भरली. दोन दिवस तो घरी पडून राहिला. हमालाचे दोन दिवस पडून राहणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणे. तिसऱ्या दिवशी तो एका अंगाला कलून चालत कामावर आला आणि मला म्हणाला, “आण्णा, कंबर सुटंना. काहीतरी द्या.” माझ्या सदऱ्याच्या खिशात अर्धी पट्टी होती. महिन्यापूर्वी मानेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मला लिहून दिलेली, त्यातली उरलेली. मी ती काढून त्याला दिली. “दोन-दोन घे,” असेही वर सांगितले, कारण मला एकीने फारसा गुण आला नव्हता. त्याने सकाळी चहाबरोबर दोन घेतल्या, अकराच्या सुमारास आणखी दोन घेतल्या, आणि बाराच्या आत तो पोत्यांच्या थप्पीवरून खाली आला. फळीवरून नव्हे, फळी सोडून. टाचेचे हाड मोडले.

व्यापारी म्हणाला, गडी पिऊन आला होता. ज्यांनी पाहिले तेही म्हणाले, त्याची जीभ जड झाली होती, डोळे मिटत होते, उभा राहताना झोक जात होता. आणि संघटनेचा कार्यकर्ता म्हणवणारा मी, पहिल्या दिवशी मीदेखील मनात म्हणालो, घेतली असेल थोडी. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याच्या बायकोने रिकामी पट्टी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, “ह्या तुम्हीच दिल्या होत्या न्हवं? त्यांच्या गळ्यात माळ आहे, आण्णा. ते पीत नाहीत.”

ती पट्टी घेऊन मी आधी औषधाच्या दुकानात गेलो आणि तेथून वाचनालयात. पट्टीवर तीन औषधांची नावे होती. दोन वेदना कमी करणारी, आणि तिसरे टिझानिडीन. ह्या तिसऱ्याचे काम काय, असे विचारल्यावर दुकानदाराने सांगितले, “स्नायू सैल करते.” मला वाटले, कंबरेच्या स्नायूत जाऊन ते त्याला ढिले करीत असेल, जसे तेल घातल्यावर गंजलेली बिजागरी सुटते. मग माणसाचे डोळे का मिटावेत? कंबरेच्या औषधाने जीभ का जड व्हावी? ह्या एका प्रश्नाने मला पुढे पुष्कळ महिने पुरले.

आता आपण उसणीकडे येऊ. उसण म्हणजे काय हे येथे कोणाला सांगायला नको. वाकताना, वळताना कंबरेत एकदम कळ येते आणि पाठीचा स्नायू लाकडासारखा ताठ होतो. आमच्या लहानपणी ह्यावर गावोगाव एकच उपाय होता: पायाळू माणूस शोधायचा. जो जन्मताना पायाकडून आला, त्याने कंबरेला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. माझी एक मावशी पायाळू होती. तिच्या दारात सकाळी दोन-तीन माणसे वाकून उभी असत. हसू नका. त्यांतली बहुतेक माणसे आठवड्यात बरी होत, हे मी पाहिले आहे. मावशीकडे न गेलेलीही आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होत, हे मात्र त्या वेळी कोणी मोजले नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा. गोळीचा गुण मोजताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

स्नायू आपल्या मनाने ताठ होत नाही. त्याला हुकूम यावा लागतो. हा हुकूम पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूतून निघतो. मला हे समजले ते आमच्या बाजाराच्या रीतीवरून, म्हणून त्याच भाषेत सांगतो. शेतकरी माल घेऊन येतो, खरेदीदार माल घेतो, पण दोघांची गाठ सहसा थेट पडत नाही. मध्ये अडत्या बसलेला असतो. मज्जारज्जूतही तसेच आहे. सांध्याला, स्नायूला, कातडीला इजा झाली की तिची बातमी घेऊन एक मज्जातंतू आत येतो. तो शेतकरी समजा. स्नायूला ‘आवळ’ असा हुकूम देणारी पेशी पलीकडे बसलेली असते. तो खरेदीदार. आणि ह्या दोघांच्या मध्ये लहान लहान पेशींची एक पेठच असते. काही अडते सौदा वाढवतात, काही दाबून धरतात. वरून मेंदूचेही निरोप ह्याच पेठेत उतरतात. सारांश, कंबरेचा स्नायू किती आवळायचा हे कंबरेत ठरत नाही, ह्या पेठेत ठरते.

काही सौदे मात्र अडत्यावाचून होतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो तसला थेट सौदा. तेथे मध्ये कोणी नाही. ह्या फरकाचे महत्त्व पुढे येईल.

स्नायू सैल करण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. त्यांची गफलत पुष्कळजण करतात. मीही केली होती. एक वाट अशी, की हुकूम स्नायूपर्यंत पोचला तरी तो स्नायूने घ्यायचाच नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला कुरारे नावाचे विष लावत, ते असे काम करते. मज्जातंतू जेथे स्नायूला भेटतो त्या दारावरच ते अडसर घालते. फ्रान्समधल्या क्लोद बर्नार यांनी १९ व्या शतकाच्या मध्यास बेडकांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला ते प्रथम दिले. आज शस्त्रक्रियागृहात त्याचीच भावंडे वापरतात. पण ह्या वाटेने गेले की श्वासाचे स्नायूही बंद पडतात, म्हणून शेजारी श्वास देणारे यंत्र व ते चालवणारा डॉक्टर हवा. असले औषध कोणी पट्टीत घालून सदऱ्याच्या खिशात देत नाही.

दुसरी वाट पेठेतल्या सौद्यालाच हात घालण्याची. आपल्या पट्टीतली गोळी ह्या वाटेची. म्हणून तिला मध्यवर्ती मज्जासंस्थेवर काम करणारे औषध म्हणतात. स्नायूला ती हातही लावीत नाही.

ही वाट सापडली कशी, ती हकीकत मोठी मौजेची आहे. फ्रँक बर्गर नावाचा तरुण डॉक्टर हिटलरच्या भयाने चेकोस्लोव्हाकिया सोडून इंग्लंडला आला. युद्धाच्या त्या दिवसांत पेनिसिलीन नवे होते, आणि काही जंतू ते नासवून टाकीत. लंडनच्या एका औषध कंपनीत बर्गरकडे काम आले ते पेनिसिलीन टिकवणारे रसायन शोधण्याचे. त्या खटपटीत तयार झालेली रसायने विषारी आहेत की काय हे पाहण्यासाठी त्याने ती उंदरांना टोचली. उंदीर मेले नाहीत, झोपलेही नाहीत. ते नुसते लुळे पडले. पाठीवर उताणे ठेवले तर त्यांना पालथे होता येईना. पण डोळे उघडे होते, श्वास नीट चालू होता, आणि थोड्या वेळाने ते उठून पूर्ववत फिरू लागले. शोधायला गेला पेनिसिलीनचा राखणदार आणि हाती लागले हे. बर्गर आणि विल्यम ब्रॅडली यांनी १९४६ साली त्याचा निबंध प्रसिद्ध केला. औषधाचे नाव मेफेनेसिन. पुढे असे दिसून आले की गुडघ्याचा थेट सौदा ह्या औषधाने फारसा बिघडत नाही. ज्या सौद्यांत पुष्कळ अडते मध्ये असतात, तेच मंदावतात. कुचल्याच्या, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांत जे विष असते ते पेठेतल्या आवरणाऱ्या अडत्यांची तोंडे बंद करते आणि अंगाला झटके आणते. त्या झटक्यांपासूनही मेफेनेसिनने प्राण्यांना वाचवले.

मेफेनेसिनचा गुण फार थोडा वेळ टिके. म्हणून बर्गर अमेरिकेत गेल्यावर त्याच्या जोडीने नवे रसायन केले गेले, मेप्रोबामेट. ते १९५५ मध्ये बाजारात आले, आणि लोकांनी ते स्नायूंसाठी नव्हे, मनाच्या तळमळीसाठी भराभर खाल्ले. चिंता घालवणारी गोळी म्हणून अमेरिकाभर त्याचा गाजावाजा झाला. नंतर कळले, की त्याची सवय लागते. १९५९ साली त्याच घराण्यातले तिसरे अपत्य आले, कॅरिसोप्रोडॉल. त्याला व्यापारी नाव दिले ‘सोमा’. आपल्या वेदांतला सोमरस कंपनीच्या मनात होता की काय कोण जाणे. हे औषध पोटात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर मोठ्या प्रमाणात मेप्रोबामेटमध्येच करते. म्हणजे पुढच्या दाराने काढून दिलेले मागच्या दाराने घरात! युरोपच्या औषध नियंत्रकांनी २००७ साली त्याची विक्री थांबवण्याची शिफारस केली. अमेरिकेने जानेवारी २०१२ पासून त्याला सवय लावणाऱ्या औषधांच्या यादीत टाकले.

ह्या कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केले, की मुंबईची एक कंपनी कॅरिसोप्रोडॉल आणि टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक एकाच गोळीत घालून पश्चिम आफ्रिकेत पाठवीत होती, आणि घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट येथील रस्त्यांवर पोरे ती नशेसाठी खात होती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ह्या दोन औषधांच्या सर्व मिश्रणांचे उत्पादन व निर्यात बंद केली. त्या कारखान्यातही आमच्यासारखेच कोणीतरी कामगार गोळ्या भरीत असणार, हा विचार बातमी वाचताना माझ्या मनातून गेला नाही.

आता आपल्याकडे ज्या गोळ्या सर्रास मिळतात त्यांच्याकडे वळू. टिझानिडीन हुकूम देणाऱ्या पेशीला पोचणारा चेतवणारा माल मधल्या अडत्यांकडून कमी सुटेल असे करते. बॅक्लोफेन तर बातमी घेऊन येणारी शेतकऱ्याची गाडीच वेशीवर अडवते. ते मुळात उसणीचे औषध नव्हे. मज्जारज्जूला इजा झालेल्या किंवा मज्जातंतूंच्या दीर्घ रोगाने हातपाय कायमचे ताठ झालेल्या माणसांसाठी ते मोठे वरदान आहे. तो ताठरपणा वेगळा आणि आपली उसण वेगळी. मात्र मूत्रपिंड अधू असेल तर बॅक्लोफेन अंगात साठते व माणूस भ्रमिष्ट होतो. आणि फार दिवस घेऊन एकदम सोडले तर झटके येऊ शकतात. डायझेपाम पेठेतल्या आवरणाऱ्या अडत्यांचे बळ वाढवते, पण त्याचीही सवय लागते.

थायोकोल्चिकोसाइड हे लांबलचक नावाचे औषध मला जवळचे वाटते, कारण त्याचे मूळ आपल्या कुंपणावर आहे. पावसाळ्यात कोकणात व सह्याद्रीच्या कुशीत ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले येणारी कळलावी आपण पाहिली असेल. घरात आणली तर भांडणे लागतात, असे म्हणून बायका तिला दारात लावू देत नाहीत. तिच्या बियांतून काढलेल्या द्रव्यावर प्रक्रिया करून हे औषध करतात. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. झाड विषारी आहे, तेव्हा कोणी घरी प्रयोग करू नये. ह्या औषधाबद्दल २०१३ साली युरोपच्या नियंत्रकांनी बंधने घातली: पोटात घ्यायचे तर ७ दिवसांहून अधिक नाही, १६ वर्षांखालच्या मुलांना नाही, गरोदर बाईला नाही. कारण शरीरात त्याचा जो एक अंश तयार होतो, तो पेशींतल्या गुणसूत्रांची वाटणी बिघडवू शकतो असे आढळले.

मग गुण किती? येथे मावशीची आठवण ठेवा. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ह्या औषधांच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. ३१ चाचण्या, ६,५०५ माणसे. नव्याने धरलेल्या कंबरेत, पहिल्या दोन आठवड्यांत, १०० पैकी वेदना मोजली तर गोळीने ती सुमारे ८ ने कमी झाली. हालचालीतला अधूपणा कमी झाल्याचे दिसले नाही. आणि हा पुरावाही फार कच्चा आहे, असे लिहिणाऱ्यांनीच म्हटले. क्लोरझॉक्साझोन हे आपल्याकडे फार खपणारे दुसरे औषध. त्याच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात उत्पादकांनीच कबूल केले आहे, की ताणलेला स्नायू ते प्रत्यक्ष सैल करीत नाही. पुष्कळ जाणकारांचे मत असे, की ह्यांतल्या कित्येक गोळ्यांचा गुण गुंगीतून येतो. वेदनेने स्नायू आवळतो आणि आवळल्याने वेदना वाढते, हा फेरा आपण ऐकलेला असतो. तोही सर्व संशोधकांना मान्य नाही.

म्हणजे गोळी निरुपयोगी, असे माझे म्हणणे नाही. रात्री कुशीवर वळता येत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, अशा माणसाला चार रात्री झोप मिळाली तर ती थोडी गोष्ट नव्हे. पण मग ती झोपताना घ्यावयाची, थोडे दिवस घ्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक, कडबाकुट्टी, शिडी, थप्पी ह्यांच्या जवळ जाण्यापूर्वी गुंगी उतरली आहे ना हे पाहावयाचे. टिझानिडीनने रक्तदाब उतरतो. एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. घेतल्यावर तासा-दीड तासात त्याचा भर असतो. माझ्या गड्याने अकराला घेतली होती, चैत्राच्या उन्हात, आणि आधीच्या दोन पोटात होत्याच. मी सांगितल्याप्रमाणे. ताप-जुलाबावर आपण जिचे नाव घेऊन दुकानात मागतो, ती सिप्रोफ्लॉक्सासिन बरोबर असेल तर रक्तातले टिझानिडीन सुमारे १० पट चढते. ही दोन्ही एकत्र मुळीच घ्यावयाची नसतात. दारूबरोबर ह्यांतले काहीही नाही. ६५ च्या पुढच्या माणसांना तर ह्या गोळ्या शक्य तो टाळाव्यात असे डॉक्टर म्हणतात, कारण रात्री उठताना ती पडतात. आणि कंबरेच्या दुखण्याबरोबर पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा सुटला, तर गोळी बाजूला ठेवून त्याच तासाला इस्पितळ गाठावयाचे.

त्या प्रकरणाचे काय झाले, असे आपण विचाराल. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात एक कलम होते. अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा मादक औषधाच्या अमलाखाली असला, तर मृत्यू वा संपूर्ण कायमचे अपंगत्व सोडून मालकावर जबाबदारी राहत नसे. मूळ इंग्रजीतला शब्द औषधाला आणि नशेच्या पदार्थाला सारखाच लागू पडतो. मी पट्टी दाखवली, गडी प्यालेला नव्हता हे सिद्ध होऊ लागले, तशी व्यापाऱ्याच्या वकिलाने बाजू बदलली: दारू नव्हती ना, मग औषध तर होते! गड्याला निर्दोष ठरवायला मी जो पुरावा नेला, तोच त्याच्यावर उलटला. प्रकरण निकालापर्यंत गेलेच नाही. थोडक्या रकमेवर तडजोड झाली. ती तडजोड मी करवली, आणि ती मला आजही खुपते.

शेवटी वजनाबद्दल थोडे. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने शिफारस केली, की एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याचा भार ५५ किलोंहून अधिक असेल तर तो कमी करावा. १९६९ साली आपल्या राज्याने माथाडी कायदा केला. माझ्या वडिलांनी क्विंटलची पोती वाहिली. त्यांची पाठ शेवटी सरळ झाली ती तिरडीवर. पन्नास किलोच्या पोत्यासाठी आम्ही भांडलो तेव्हा एक अडत्या मला म्हणाला होता, “अहो, आता कंबरेवर चांगल्या गोळ्या निघाल्यात.” त्याला त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. गोळी कंबरेवर काम करीतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तो गडी आता वजनकाट्यावर बसतो. पाऊस आला की टाच दुखते म्हणतो. मी अजूनही संघटनेच्या कचेरीत बसतो, आणि कोणी कंबर धरून आला की पहिल्याने माझा हात खिशाकडे जातो. खिसा मी रिकामा ठेवला आहे. आपले प्रश्न असतील तर कागदावर लिहून पुढे पाठवावेत. औषधाची नावे असलेले कागद मी पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरसाहेबांकडे देणार आहे. त्यांनी तसे कबूल केले आहे.